अळ्यांची एकादशी

या, असे जवळ सरका. टाळ खाली ठेवा. बुवांना यायला अजून अर्धा तास आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. पुण्य कुणाला लागलं ते तुम्हीच ठरवा.

राजारामपुरीत आमच्या शेजारी पूर्णिमाताई राहतात, जीवरसायनाच्या प्राध्यापक. तीस वर्षं त्यांना रेशीमकिड्यांचा नाद. अळीला जंतू लावलेली सुई टोचायची आणि तिच्या रक्तात जंतू मारणारं प्रथिन किती तयार होतं ते मोजायचं. निवृत्तीला वर्ष उरलं आणि शेवटचा शोधनिबंध अडला. दर पंधरा दिवसांनी प्रथिन घसरायचं. सुया बदलल्या, रसायनं बदलली, यंत्राला शिव्या घालून झाल्या. आकडे जुळेनात.

अळ्यांना तुतीचा पाला घालायचं काम तानाबाईंचं. आपल्या कीर्तनात पहिल्या ओळीत डोळे पुसत बसतात ना, त्याच. एकदा ताई डोकं धरून बसल्या होत्या, समोर घसरणीच्या तारखा. झाडू मारता मारता तानाबाईंनी वाकून पाहिलं.

"ह्या समद्या एकादशा हाईत की, म्याडम."

"मग?"

"मग काय? त्या दिवशी पाला घालत न्हाय मी. तुमी मारणारच हाय त्यास्नी. जाताना तेवढं तरी पुण्य पदरात पडू दे."

"तानाबाई! तुम्ही खिचडीच्या दोन ताटल्या हाणता आणि माझ्या अळ्या निर्जळी?"

"साबुदाणा ठेवून बघितला की. तोंड लावंनात."

ताई तरातरा बाहेर गेल्या. तीन वर्षांचं काम पाण्यात! पण गेटापर्यंत जाऊन तशाच मागं फिरल्या. उपाशी अळी जंतूंशी लढायला कमी पडते, हे आकडे केव्हापासून ओरडून सांगत होते. ताईच ऐकत नव्हत्या.

"येत्या एकादशीपासून चार ट्रे उपाशी, चार जेवणार," त्या म्हणाल्या. "आणि सगळं लिहून ठेवायचं."

"जेवणाऱ्यांचं पाप कुणाला?"

"मला लागू दे."

निबंध स्वीकारल्याचा निरोप आला तो ताईंच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. आभारात एकच नाव, तानाबाईंचं. ताईंनी कौतुकानं वाचून दाखवलं. तानाबाईंनी पदरानं चष्मा पुसला, कागद खालवर पाहिला.

"आन् अळ्यांचं कुठं हाय?"

तेव्हा मंडळी, आज खिचडी पुढ्यात आली की पहिला घास उचलताना त्या अळ्यांची आठवण काढा. त्यांचं नाव कुठंच छापलेलं नाही.