हिंगूळलाल आडनाव

हिमधवल सरोवरावर माघारी निघालेल्या हिवाळ्याचं ऊन उतरलं होतं. उत्तरेचं ऊन ते. कांती केशराची, ऊब शून्य. बड्या घरच्या नातेवाइकासारखं.

स्वीडनमधल्या त्या सरोवरकाठच्या गावात माणसाच्या नावाआधी घराचं नाव लावतात. बाक्क नावाच्या घरातली, म्हणून ती बाक्क-इंग्रिड. चित्रांच्या कोपऱ्यात मात्र, हिंगूळलाल, रक्तलाल, रागलाल अक्षरांत, ती बापाचं आडनाव लिही : ग्रोल.

बाप जर्मन घड्याळजी. एका उन्हाळ्यात चर्चचं घड्याळ चालू करून गेला, तो गेलाच. मागे राहिलेल्या लेकीसाठी पत्रातून आडनाव तेवढं पाठवलं. त्याच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ डूख. वारसा म्हणावा तर एवढाच. इंग्रिडने तो चाळीस वर्षं निगुतीने जपला.

आज घुंगुरनादी घसरगाडीतून घड्याळजीचा औरस मुलगा उतरला. हाइनरिश. गुळगुळीत, गंधित, गर्भश्रीमंत.

"बाई, लोक विचारतात, ही चित्रकार तुमची कोण? वडिलांना या वयात खाली मान घालावी लागते. आमचं आडनाव तेवढं सोडा."

"आई गेल्याचं मी त्यांना कळवलं होतं. पोचलं?"

हाइनरिशने हातमोजे नीट केले.

"बरं," इंग्रिड म्हणाली, "सहीतून सोडलं. बसा आता, तुमचं चित्र काढते. तुमच्याच शहरातल्या प्रदर्शनाला धाडायचंय."

तो बसला. चांगला फुगून बसला.

कुंचला फिरू लागला. काजळकाळा कोट उमटला, गेरूगोरे गाल उमटले. मग उमटली ती दुभंगलेली हनुवटी, ती डावीकडची उंच, उद्धट भुवई. रोज सकाळी इंग्रिडच्या आरशात उगवणारी. तिने काही लपवलं नाही. काही वाढवलं नाही. सुडाला इतकी प्रामाणिक रेघ क्वचितच लाभते.

दिवस कलला. कोपऱ्यात सही उमटली : बाक्क-इंग्रिड.

"उपकार झाले!" हाइनरिशने सुटकेचा श्वास सोडला.

"थांबा हो, शीर्षक राहिलंय."

तिने रुंद कुंचला हिंगुळात बुडवला, आणि त्या चेहऱ्याखाली, या काठापासून त्या काठापर्यंत, टपोरं लिहिलं : माझा भाऊ, हाइनरिश ग्रोल.

अक्षरं ओली होती. शेवटच्या अक्षरातून एक लाल थेंब सुटला. सावकाश, सरळ, कुणाची परवानगी न विचारता, खाली उतरत राहिला.