ताईनं नेलेली कात्री

मी फटकळ आहे आणि त्याची मला लाज नाही. दोनच इयत्ता शिकले, पण बायकांचे कपडे शिवायचं दुकान तीस वर्षं चालवलं. अक्षराला अक्षर जोडून का होईना, माझं पत्र मीच वाचते.

अकरा वर्षांनी थोरल्या बहिणीचं पत्र आलं. दुकान आधी आम्हा दोघींचं होतं. भांडून वेगळी झाली त्या दिवशी ती माझी कापडाची कात्री उचलून गेली. आमच्या धंद्यात एकीच्या कात्रीला दुसरी हात लावत नाही. हात बदलला की धार बिघडते. तेव्हा मला किती झोंबलं असेल ते समजा.

पत्रात तीनच ओळी. "तुझी कात्री माझ्याकडे पडून आहे. हल्ली सुईत दोरा जात नाही, शिवण बंद केली. कात्रीचं काय करू, टाकून देऊ?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोर सून काजं करत बसली होती. तिला मी मुकी म्हणते. दिवसाला चार शब्द बोलली तर खूप. म्हटलं, "मुके, कार्ड घे नि लिही. टाक म्हणावं खुशाल. आणि कात्रीबरोबर बहिणीलाही टाकलंस असं समज."

तिनं पेन उचललं, पण लिहीना.

"हाताला लकवा मारला का?"

"आई, टाकायच्या वस्तूसाठी कुणी पत्र लिहितं का? अकरा वर्षं जपलीय त्यांनी."

"मग हे कशाला लिहिलं?"

"सुईत दोरा जात नाही म्हणतायत. नजर गेलीय. ओवून द्यायला घरात आहे कोण त्यांच्या?"

मी पत्र पुन्हा हातात घेतलं. शिकायला येणाऱ्या पोरींवर मीच डाफरते, कपडा उलटा करून बघा, शिवण आतून कळते. आणि ताईचं पत्र मात्र वरवर वाचून मोकळी झाले होते.

"बरं शहाणे, तूच लिही काय ते."

तिनं लिहिलं, "टाकू नकोस. स्वतः घेऊन ये. दोरा मी ओवून देईन."

आठव्या दिवशी ताई शेजारणीचा हात धरून दारात उभी. पिशवीत कात्री, तेल लावून मऊ फडक्यात गुंडाळलेली.

"धार गेली असेल गं," म्हणाली.

मी चिंधीवर चालवून पाहिली. लोण्यातून जावी तशी गेली.

"ताई, खोटारडी ती खोटारडीच राहिलीस!"

मग दोघी जितक्या रडलो, तितक्या सासरी जातानाही रडलो नव्हतो.

आता ताई खिडकीशी बसून बोटांनी चाचपत शिवणी उसवते आणि माझ्या चुका काढते. परवा मी ती कात्री सुनेपुढे ठेवली. "माझा हात थरथरतो. तू वापर. बोट कापून घेऊ नकोस, वेंधळी आहेस."

"हो आई," म्हणाली आणि डोळे पुसले. तिला बरोबर वाचता येतं.

तरीही लिहून ठेवते. मुके, तुझ्यामुळे मला माझी बहीण परत मिळाली. तुझे उपकार फिटायचे नाहीत. हे मात्र उलटं करून बघू नकोस, लिहिलंय तसंच वाच.