डाव्या काठाची झीज

ड्रॉइंग मास्तर रिटायर झाला की काय करतो, हा प्रश्न बेला गावात कुणाला पडलेला नव्हता, कारण सुधाकररावांच्या आधी बेल्यात ड्रॉइंग मास्तर रिटायरच झाला नव्हता. पहिला महिना त्यांनी घराच्या चौकटी रंगवण्यात काढला. दुसऱ्या महिन्यात ते बायकोच्या मांडणीपुढे ठाण मांडून एकेक ताट उजेडात धरून पाहू लागले, आणि तिसऱ्या महिन्यापासून रेणुकाबाईंची भांडी घरातून नाहीशी होऊ लागली.

ती सगळी शाळेमागच्या रिकाम्या खोलीत जात होती. सरपंच यशवंतरावांना गळ घालून मास्तरांनी ती खोली मिळवली होती आणि तिथे म्युझियम मांडायला घेतलं होतं. सन एक्क्याण्णव. बाकीचा देश काय काय करत होता ते रेडिओ सांगत होताच. बेल्यात मास्तर वाट्यांची बुडं मोजत होते. विषय एकच, जेवणाच्या भांड्यांचा घाट. पेल्याचं तोंड बाहेर वळवलेलं का, तर वरून पिताना धार नीट पडावी म्हणून. ताटाला उभा काठ का, तर ज्वारीच्या भाकरीबरोबरचं आपल्याकडचं वरण पातळ, ते पळू नये म्हणून. लोक आधी हसले. पण मास्तर प्रत्येक भांड्याखाली वळणदार अक्षरात मालकाचं नाव लिहितात हे कळल्यावर जो तो आपलं ताट काखेत मारून येऊ लागला.

मास्तरांची खरी करामत पुढेच होती. भांड्यावरची झीज पाहून ते जेवणारा माणूस ओळखत. यशवंतरावांचं ताट त्यांनी दोनदा फिरवलं आणि सांगितलं, हा माणूस घाईनं जेवतो, भाकरी एकाच जागी कुस्करतो, ह्याच्या डोक्यात कामं फार. सरपंच इतके खूश झाले की त्यांनी खोलीला पांढरा चुना मारून दिला. गावानं तोंडात बोट घातलं.

मग एका दुपारी मास्तरांनी स्वतःचं, आजोबांपासून चालत आलेलं काशाचं ताट हातात घेतलं. काठावर कोरलेलं नाव जेवणाऱ्याकडे येईल असंच ते ताट घरात वाढलं जाई, म्हणून उजव्या बाजूची झीज त्यांची नि वडिलांची, यात शंका नव्हती. पण डाव्या काठावर बोटभर रुंद खाच होती, आणि त्या खाचेशेजारी तळ घासून पार गुळगुळीत झाला होता. मास्तर तासभर त्या खाचेकडे पाहत बसले. शेवटी स्वयंपाकघरात येऊन त्यांनी जाहीर केलं की आपले आजोबा डावखुरे होते आणि डाव्या मनगटात जाड कडं घालत होते.

रेणुकाबाईंच्या हातातली भाकरी तव्याऐवजी चुलीत पडली.

आजोबांना पाहिलेलं घरात कुणी उरलं नव्हतं. मास्तरांच्या जन्माआधीच ते गेले होते. डावखुऱ्या होत्या रेणुकाबाई. लग्नानंतर बायकांच्या पहिल्याच पंगतीत सासूनं त्यांच्या डाव्या हातावर चापट मारली होती आणि डाव्या हाताची सून घरात आणली म्हणून ती आठ दिवस धुसफुसत होती. तेव्हापासून रेणुकाबाई सगळ्यांच्या मागून, दाराकडे पाठ करून, नवऱ्याच्याच उष्ट्या ताटात जेवत. तशी तर गावातली प्रत्येक बाई नवऱ्याच्या ताटातच जेवायची, त्यात नवल नव्हतं. डाव्या हातानं जेवता येतं म्हणून त्यांना ती पाठमोरी वेळ आवडायची, एवढंच. लग्नाकार्यात त्या कधी पंगतीला बसल्या नाहीत. वाढायला उभ्या राहत, आणि वाढावं तर रेणुकाबाईंनीच, असं गाव कौतुकानं म्हणे. सासू गेली, मुलं नोकरीला लागली, तरी ते गुपित तसंच राहिलं. मनगटातला आईनं दिलेला चांदीचा गोटही तसाच राहिला.

आधी त्यांना हसू आलं. पण मास्तरांनी मनावर घेतलं होतं. त्यांनी आजोबांचं भलंमोठं चित्र काढलं. झुपकेदार मिशा, डावा हात ताटात, मनगटात कडं. ताटाखाली चिठ्ठी लावली की ही झीज आजोबांची. ती चिठ्ठी वाचली तेव्हा मात्र रेणुकाबाईंना राग आला. त्यांचं चाळीस वर्षांचं जेवण त्या मेलेल्या माणसाच्या नावावर गेलं होतं, आणि ते परत मागायचं तर आपण डावऱ्या आहोत हे साऱ्या गावापुढे कबूल करायला हवं होतं. त्या मूग गिळून बसल्या.

दिवाळीनंतर उद्घाटन ठरलं. खोली माणसांनी भरली. आजोबांच्या चित्राला हार घालायचा मान घरच्या सुनेचा, म्हणून हार रेणुकाबाईंच्या हातात दिला होता.

चौथीचा वर्ग घेऊन ताराबाई आल्या होत्या. मोतीराम सालदाराची ही पोर मास्तरांच्याच हाताखाली ड्रॉइंग शिकलेली, आता त्याच शाळेत मास्तरीण. तिच्या बापाचं जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ताट दाराजवळच्या फळीवर होतं. मुलांना दाखवताना तिनं काशाच्या ताटाच्या खाचेवरून बोट फिरवलं आणि थांबली.

"सर, जुनी झीज गुळगुळीत असते, नवी बोटाले लागते, हे तुमीच शिकवलं. ही तर लागून राह्यली. आजोबाले जाऊन साठ वर्सं झाली, मंग आता यात कोण जेवून राह्यलं?"

मास्तरांनी बोट फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. साऱ्या गावापुढे आपलं वाचन चुकलं हे त्यांना सोसवेना. इकडेतिकडे पाहताना त्यांना दाराशी उभी भागीरथा दिसली. ती त्यांच्याकडे भांडी घासायला यायची. मास्तर चढ्या आवाजात म्हणाले की हिच्याच बांगड्यांनी काठ घासला, वडिलार्जित ताटाचं वाटोळं केलं, उद्यापासून हिनं येऊ नये. भागीरथेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

रेणुकाबाईंनी हार टेबलावर ठेवला. पुढे होऊन त्यांनी डावा हात ताटात टेकवला. मनगटातला चांदीचा गोट खाचेत बसला, हलेना की डुलेना.

"तिले काऊन बोलता? हे ताट मीच घासतो, अन् मीच यात जेवतो. तुमच्या मांगून, चाळीस वर्सांपासून. आजोबा नाही जी, मी आहो ते."

मग मागून यशवंतरावांची बायको रुख्मिणी पुढे आली. तिनं सरपंचांच्या ताटाखालची चिठ्ठी उचलली आणि सांगून टाकलं की हे तर एकेक घास घोळवत अर्धा तास जेवतात, घाईनं भाकरी कुस्करणारी मी. सरपंच चुन्याच्या भिंतीकडे पाहू लागले. मग काय, बायकांनी फळ्यांना गराडाच घातला. ही खूण माझी, तो पोचा माझा, असा गलबला उठला. बेल्यातल्या कर्त्या पुरुषांच्या निम्म्या सवयी त्या सकाळी बायकांच्या निघाल्या. ताराबाईंनी मुलांना खाली बसवलं आणि नव्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.

मास्तरांनी आधी भागीरथेपुढे हात जोडले, उद्या ये म्हणाले. मग आजोबांचं चित्र काखेत मारून मुकाट घरी आले.

दुपारी रेणुकाबाईंनी नेहमीप्रमाणे त्यांचं ताट वाढलं. काशाचं म्युझियमात गेल्यापासून घरात एकच स्टीलचं ताट होतं. मास्तर जेवायला बसलेच नाहीत. ते चित्र भिंतीला टेकवून आणि ब्रश घेऊन बसले होते. आजोबांच्या मिशा त्यांनी पांढऱ्या रंगानं पुसून टाकल्या होत्या. हात तसाच होता, कडंही. चेहरा मात्र त्यांना जमत नव्हता.

"तू जेव आधी," ते म्हणाले. "मी तुले जेवताना कधी पाह्यलंच नाही. गावभर ताटं वाचत फिरलो, अन् घरचं..."

रेणुकाबाई उभ्याच राहिल्या. कुणी समोर बसून पाहत असताना घास कसा उतरायचा, हे त्यांना कळेना. पण मास्तर उठेनात. शेवटी त्या पाटावर बसल्या, दाराकडे तोंड करून, आणि त्यांनी डाव्या हातानं भाकरी मोडली. पहिला घास अवघड गेला, दुसरा बरा गेला. भाकरी गरम होती. चाळीस वर्षांत त्यांनी इतकी गरम भाकरी खाल्ली नव्हती, आणि हे लक्षात येताच त्यांना रडू आलं. तरी त्या जेवत राहिल्या. मास्तरांनी ब्रश खाली ठेवला होता.

"थोडं वरण वाढा," रेणुकाबाई म्हणाल्या.

मास्तर लगबगीनं उठले. पातेल्यावरचं झाकण त्यांनी काढलं आणि तसेच उभे राहिले. म्युझियमात त्यांनी सतरा घाटांच्या पळ्या मांडल्या होत्या, पण घरची पळी कुठे असते ते त्यांना ठाऊक नव्हतं. रेणुकाबाईंनी वरणानं माखलेल्या डाव्या हातानं फडताळ दाखवलं.