तातेरावाचा एकच फोटो

मित्रांनो, मी एक जुना डबा कॅमेरा आहे. डबा म्हटल्यावर हसू नका. पुठ्ठ्याचं अंग, एक साधं भिंग, एक कळ आणि रीळ पुढे सरकवायची चावी, एवढाच माझा संसार. हैदराबादच्या बेगम बाजारात स्टोव्ह आणि कंदिलांच्या मध्ये मी धूळ खात पडलो होतो. अंबरपेठेत राहणाऱ्या किशनराव कारकुनाने मला घरी आणलं, तेव्हा माझ्या आनंदाला पारावार उरला नाही.

घरात किशनराव, त्याची आई भागूबाई आणि धाकटा भाऊ तातेराव. तातेराव गॅरेजात मेकॅनिक होता आणि त्याला फटफटीचं भारी वेड. शनिवारी गॅरेजं बंद झाली की हे सगळे मेकॅनिक नदीकडच्या माळावर शर्यत लावायचे. कामातून सुटेपर्यंत दिवस मावळलेला असे, म्हणून वळणावर गॅसबत्ती टांगायचे.

माझ्यासारख्या गरीब भिंगाला अंधारात काय दिसणार? पण किशनरावाने युक्ती काढली. तो मला उपड्या पिंपावर ठेवी आणि कळ ओढून धरी. समोरून फटफटी गेली की तिच्या दिव्याची पांढरी रेघ फिल्मवर उमटे. माणूस मात्र उमटत नसे. तातेराव फोटो बघून भावाला चिडवी, "दादा, मैं किधर हूँ इसमें? सगळी बत्तीच बत्ती."

मग छप्पन साल आलं आणि हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. किशनरावाची बदली औरंगाबादेला झाली. आई त्याच्याबरोबर जाणार होती, तातेराव गॅरेज सोडायला तयार नव्हता. भागूबाईच्या जिवाला घोर लागला.

"किशन्या, तातूचा एक फोटो काढून दे," ती म्हणाली. "तोंड दिसंल असा. तेवढाच जवळ ऱ्हाईल माझ्या."

अंगणात लख्ख ऊन होतं. पण तातेराव कुठला बसतोय! "उजेडात कुणी बी काढतंय दादा. शर्यतीत काढ. वळणावर बत्तीखाली हल्लू घेतो, तोंड तुझ्याकडे करतो. मग तर झालं?"

किशनराव भावाच्या हट्टापुढे नेहमीच विरघळायचा. रिळातला शेवटचा फोटो त्याने शर्यतीसाठी राखून ठेवला. मला तेव्हाच राग आला होता, पण कॅमेऱ्याला विचारतो कोण?

शनिवारी किशनरावाने कळ ओढून धरली. तातेराव वळणावर आला. शब्द दिल्याप्रमाणे त्याने फटफटी हळू केली, मान आमच्याकडे वळवली आणि हसला. मागून येणाऱ्याला तो हळू झालेला कळलाच नाही. दोन्ही गाड्या आदळल्या. किशनरावाच्या हातून कळ सुटली आणि तो धावला. तातेराव जागच्या जागी गेला होता.

सकाळी त्याला अंगणात, उन्हात ठेवलं होतं. न्यायची वेळ झाली. भागूबाईने मला आणून किशनरावाच्या हातात दिलं.

"आता न्हाई हलायचा तो," ती म्हणाली. "काढ बाबा फोटो."

रीळ संपलं होतं. दुसरं आणायला वेळ नव्हता आणि आईला नाही म्हणायची त्याची छाती होईना. चावी न फिरवता, शर्यतीच्याच फोटोवर त्याने पुन्हा कळ दाबली. एखाद्या महागड्या कॅमेऱ्याने नकार दिला असता. मला नकार देता येत नाही. मी तातेरावाच्या धावत्या दिव्यावर त्याचंच मेलेलं तोंड घेतलं.

फोटो धुऊन आला. मिटलेल्या डोळ्यांवरून आडवी पांढरी रेघ गेली होती.

"ही कसली रेघ रे?"

"त्याच्या फटफटीचा दिवा हाय, माय."

भागूबाई औरंगाबादेला गेली नाही. "माझा एक इथंच हाय," म्हणाली आणि अंबरपेठेच्या खोलीतच राहिली. किशनराव एकटाच गेला. मला नेण्याचं त्याचं धाडस झालं नाही. मी फळीवर पडून आहे, भिंगाला बुरशी धरली आहे.

मित्रांनो, तुमचं माणूस उन्हात समोर बसलेलं असतं, तेव्हाच त्याला डोळे भरून पाहून घ्या. अंधाराची वाट पाहू नका. आमच्या भागूबाईला ती रेघ म्हणजे फोटोवरचा डागच वाटे. डोळे दिसावेत म्हणून ती रोज पदराने फोटो पुसायची. पुसून पुसून तातेरावाचं तोंड कागदावरून गेलं. रेघ तेवढी राहिली.