रस निवेपर्यंत

आमचा नवरा कुईरे वारला त्याला दुसरी सुगी उलटली आणि त्याच्या नावाने शेवटची बिअर करायची वेळ आली. ज्वारीच्या बिअरला आमच्याकडे ‘पितो’ म्हणतात, आणि या शेवटच्या बिअरला ‘गार पितो’. ती प्यायली की सुतक फिटतं आणि घरातले जाणते विधवांना विचारतात, आता कुठे राहणार? दिराच्या घरात त्याची बायको होऊन, की माहेरी? कुईरेच्या विधवा आम्ही दोघी. थोरली युलालिया आणि धाकटी मी, पर्पेतुआ. पितो करणाऱ्याही आम्हीच.

युलालिया याच घरात राहणार होती; मी माहेरी जायचं ठरवलं होतं. तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं.

मोड आलेल्या ज्वारीचा गोड रस उकळून झाला तेव्हा दुपार कलली होती. मार्चचा उन्हाळा, वारा नाही. दिवस मावळेपर्यंत रस निवायला हवा होता. गरम रसात विरजण टाकलं तर ते मरतं, आणि विरजणाविना फार वेळ कोमट राहिला तर रस आंबतो. सकाळी नंदोम गावाकडची सगळी भावकी अंगणात बसणार होती.

"हंडा उचलू नकोस," युलालिया म्हणाली. "तुंब्याने काढ. वेळ लागू दे."

उकळता हंडा उचलताना एकदा तिच्या पायावर रस सांडला होता. तेव्हापासून ती लंगडत चालते. मी तुंब्याने रस काढून शेजारणींकडून आणलेल्या पसरट मडक्यांत थोडा थोडा ओतत राहिले. मडकी ओल्या वाळूत बसवली, तोंडावर फडकी बांधली, भोवती भिजवलेली पोती गुंडाळली. पोती वाळली की पुन्हा पाणी. बोअरिंगपर्यंत किती खेपा केल्या कोण जाणे. खांदे बधिर झाले होते.

तेवढ्यात दीर, झिएम, सायकलवरून बर्फाची पिशवी घेऊन आला.

"हे टाका आत. घटकाभरात गार."

"कुठल्या पाण्याचा आहे, भावजी?"

"पाण्याचा आहे! बर्फ आणखी कशाचा असतो?"

"धरणाच्या पाण्याचा असेल तर आत जायचा नाही. उकळलेल्या रसात कच्चं पाणी कशाला? बाहेर वाळूत टाका."

"घ्या! अजून माझ्या घरात आली नाहीस, आणि हुकूम सुरू." तो हसला. मी हसले नाही. त्याने बर्फ वाळूत ओतला आणि पुटपुटत निघून गेला.

मी पुन्हा पाण्याला गेले. कोंबड्या-बकऱ्या हाकायला युलालिया बसली होती. परत येऊन पाहते तर ती भिंतीला टेकून झोपलेली. एका मडक्याचं फडकं खाली पडलेलं आणि काठावर कोंबडी, चोच बुडवून.

"अक्का! एवढंच काम दिलं होतं ना तुला!"

ती दचकली. मडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झोप लागली गं. थकले मी."

"मी नाही थकले?"

"तू थकलीस तर माहेरी जाशील. मी कुठे जाऊ?"

ते मडकं दोघींनी मिळून उकिरड्यावर रिकामं केलं. गोड वासाने माश्या घोंघावल्या.

मग मी तिच्याशेजारी बसले. पोती भिजवायला उठायचं, परत येऊन बसायचं. ती म्हणाली, "कुईरेने तुला आणलं तेव्हा मी आठवडाभर तुझ्या हातचं जेवले नव्हते."

"माहीत आहे. आणि चोरून खायचीस, तेही माहीत आहे."

तिला हसू फुटलं, मग खोकला आला.

ऊन उतरलं. मी करंगळी धुऊन रसात बुडवली. बाळाला न्हाऊ घालतो तेवढंच ऊन लागलं. "झालं," मी म्हणाले. तिने मागच्या पितोचं विरजण आणलं आणि आपल्या हाताने प्रत्येक मडक्यात सोडलं.

सकाळी पितोला फेस आला होता. लोक प्यायले, लाकडी पट्ट्यांचे बालाफोन वाजले, म्हातारे रडले. मग थोरल्या चुलत्यांनी मला पुढे बोलावलं.

"बोल, सूनबाई. झिएमकडे, की बापाकडे?"

रात्रभर माझ्या मनात एकच उत्तर होतं. उभी राहिले, आणि बाहेर आलं ते दुसरंच.

"दोन्हीकडे नाही. मी अक्काकडे राहते."

"असं चालत नाही," कोणीतरी म्हणालं.

"मग चालवा. माझ्या अंगात आता भांडायचं बळ नाही."

मंडळी हसली. चुलते हसले नाहीत, पण पुन्हा विचारलंही नाही. युलालिया मान खाली घालून बसून होती. पाठ तेवढी हलत होती. झिएम फणफणत उठून गेला.

तो पावसाळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. पेरणीच्या दिवशी मात्र न सांगता बैल घेऊन आला, आमचं शेत नांगरलं आणि बांधावर बसून म्हणाला, "काही प्यायला मिळेल का?"