दुसऱ्यांदा वाजणारी कडी

देवाप्पांच्या घरात भुताला बंदी होती. आत्मा नाही, पिंड नाही, कावळ्याला घास नाही, हे त्यांनी येळ्ळूरभर इतक्या वेळा ठणकावून सांगितलं होतं, की ते समोरून येताना दिसले तरी शेजारची मालुबाई बोळात वळायची. आणि नेमकी त्यांच्याच घरी, गेलं वर्षभर, रोज दिवेलागणीला फाटकाची कडी वाजत होती.

दोनदा वाजायची. एकदा उघडल्यासारखी आणि जरा थांबून लावून घेतल्यासारखी. थोरला मुलगा भीमरत्न मच्छे गावच्या कारखान्यातून घरी यायचा तो अस्साच. गेल्या वर्षी त्याच रस्त्यावर त्याला ट्रकनं उडवलं. आता कडी वाजल्याशिवाय त्याची आई सुलाबाई तोंडात घास घालत नव्हती.

धाकटी मुलगी पारमिता बंगळूरहून आली होती ती आईला घेऊन जायलाच. आई निम्मी झाली होती. या घरात अजून एक वर्ष काढलं तर ती हाताला लागायची नाही, अशी पोरीला धास्तीच बसली होती. पण सुलाबाईचं एकच पालुपद.

"मी गेले तर त्यो आल्यावर घरात कोन असंल?"

"आई, त्यो न्हाय आता."

"दिवसभर त्यात काय बघतीस गं?" आईनं लॅपटॉपकडं बोट दाखवून विषयच बदलला.

ताऱ्यांचा अभ्यास हेच पारमिताचं काम, तिनं सांगितलं. एक तापलेला निळा तारा. त्याचे क्ष-किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून दुर्बीणच वर अवकाशात सोडलेली. अशा ताऱ्याकडून थोडेच किरण यायला हवेत, पण याच्याकडून येतात कितीतरी पट जादा. ते जादाचे काही त्याचे एकट्याचे नव्हेत. त्याच्याभोवती एक मेलेला तारा फिरतोय, विझून आक्रसलेला. डोळ्यांना दिसत नाही, पण जित्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो, आणि तो वायू त्याच्यावर पडताना भयंकर तापतो.

तांदूळ निवडणारे सुलाबाईचे हात थांबले. "म्हंजे मेलेला जित्याला सोडत न्हाय."

"न्हाय."

"मग मला काय शिकवतीस?"

पारमिता मनातून भयंकर चिडली. कडी वाजवणारा वारा असो की मांजर, आज डोळ्यांनी बघायचं आणि आईला सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून ती संध्याकाळी घराच्या बाजूला शेवग्याआड जाऊन उभी राहिली.

अंधारून आलं तसं मागच्या दारानं कुणीतरी अनवाणी बाहेर पडलं. भिंतीच्या कडेनं फाटकापाशी गेलं, कडी उचलून टाकली आणि आल्या वाटेनं परत फिरलं. आप्पा होते.

तिनं त्यांचा हात धरला. "आप्पा, तुमी?"

देवाप्पा चोरी पकडल्यागत खाली बघत राहिले. "जेवतच नव्हती गं ती. एक दिस वाटलं, वाजवून बघू. जेवली. मग रोजचंच झालं."

पारमिताला रडू आलं आणि हायसंही वाटलं. आता आत जाऊन खरं सांगितलं की आई उद्या गाडीत बसेल. "चला, सांगूया तिला. परत जाऊन दुसऱ्यांदा वाजवू नका."

आप्पांनी मान वर केली.

"मी एकदाच वाजवतो, पोरी. लावून घेतल्याचा आवाज माजा न्हाय. पयल्या दिवसापास्नं न्हाय."

दोघं तिथंच उभी राहिली. शेवग्याचं पानही हलत नव्हतं. फाटक समोर दिसत होतं, पलीकडचा रस्ता रिकामा होता.

कडी वाजली.

आत ताटं मांडल्याचा आवाज झाला. "आला न्हवं?" सुलाबाईनं आतूनच विचारलं.

पारमितानं बापाकडं पाहिलं. आता तरी नाही म्हणतील, ठणकावून म्हणतील, म्हणून ती वाट बघत राहिली.

"व्हय," आप्पा म्हणाले. "वाढ."