दोनशे बारावी ओळ

इंडोनेशियातल्या सेमारांग शहरात, त्या छोट्या कचेरीत सहा माणसं मिळून एक प्रोग्रॅम सांभाळत. नदीचं पाणी वाढलं की वस्त्यांमधले भोंगे वाजवणारा. त्यातल्या कुठल्याही ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला, हे संगणकाला विचारलं की नाव, तारीख आणि वेळ समोर येई. कचेरीची एक रीत होती. बिघडलेल्या ओळीपुढे ज्याचं नाव निघेल, त्यानं सगळ्यांसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून लुंपिया, म्हणजे सारण भरलेला तळलेला रोल, आणायचा, बांबूच्या परडीत, लाल दोऱ्यानं बांधलेला. परडी टेबलावर आली की कुणी काही विचारत नसे. परडी म्हणजेच कबुली.

"मास गियांतो, तुमच्या चुकांवर त्या दुकानदारानं वरचा मजला चढवला," असं रेत्नो चिडवायची, आणि गियांतो भरल्या तोंडानं म्हणायचा, "तुम्ही एकदा तरी चुका की, बू. त्याला गच्चीही बांधू दे!" तिथं दादाला मास म्हणत, बाईंना बू आणि साहेबांना पाक.

पण रेत्नो चुकत नसे. वीस वर्षं ती वही लिहीत आली होती. किती वाजता कुठं होते, काय केलं, कोण भेटलं, सगळं बारीक अक्षरात. म्हणूनच सोमवारी सकाळी पाक विबिसानांनी, कचेरीच्या साहेबांनी, तिलाच आत बोलावलं. शनिवारी नदी चढली, भोंगा वाजला नाही, आणि खालच्या वस्तीतले एक आजोबा आणि त्यांची सहा वर्षांची नात वाहून गेली होती.

"एकशे ऐंशी सेंटिमीटरला वाजायला हवा होता," ते म्हणाले. "दोनशे बाराव्या ओळीत कुणीतरी दोनशे ऐंशी करून ठेवलंय. तीन वाजता चौकशी अधिकारी येतील. सगळा प्रोग्रॅम मी त्यांना पाठवलाय, पण नाव आपल्या तोंडून जायला हवं. तुम्ही काढा, बू." बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

रेत्नो जागेवर आली आणि तिनं संगणकाला विचारलं. दोनशे बारावी ओळ. रेत्नोवती. अकरा मार्च, सकाळी दहा सतरा.

तिनं वही काढली. अकरा मार्चला ती सोलो शहरात होती, बहिणीच्या नातवाचे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकवण्याच्या समारंभाला. 'सव्वादहाला बाळ चिकट भातातून चालवलं. मग रीतीप्रमाणे वस्तू मांडलेल्या पिंजऱ्यात ठेवलं. त्यानं कंगवा उचलला.' तिचा संगणक त्या दिवशी घरी कपाटात होता. तिनं ती नोंद तीनदा वाचली. अक्षर तिचंच होतं. आणि पडद्यावरचं नावही तिचंच.

कुणीतरी आपलं नाव वापरलं, हा पहिला विचार. आणि तो पुरता उमटण्याआधीच, त्या दोन माणसांचे चेहरे मनात आले, जे तिनं कधी पाहिलेही नव्हते.

"मास, जरा तुमच्या इथून दोनशे बारावी ओळ बघा ना," ती शक्य तितक्या सहजपणे म्हणाली.

"का, तुमच्या पडद्याला तुमची भीती वाटायला लागली?" गियांतो हसत वळला. मग त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

"कुणाचं नाव आहे?"

"सांगतो नंतर," तो म्हणाला, आणि छत्री न घेताच उन्हात बाहेर पडला. रेत्नोनं वाकून त्याचा पडदा पाहिला. रेत्नोवती. अकरा मार्च, दहा सतरा. आपल्याला वाचवायला हा गप्प बसला, असं तिला वाटलं, आणि डोळे भरून आले.

अर्ध्या तासानं तो परतला तेव्हा त्याच्या हातात परडी होती. त्यानं ती टेबलावर ठेवली.

"मास, असं करू नका. नाव माझं आहे."

त्यानं तिच्याकडे कधी न पाहिल्यासारखं पाहिलं. "तुमचं? बू, मी त्या दिवशी तापानं अंथरुणात होतो, डोळे उघडत नव्हते. पण नाव माझंच आहे. आत्तासुद्धा." त्यानं पडद्याकडे बोट केलं. तिनं पाहिलं. रेत्नोवती.

पर्स उचलून तीही उन्हात गेली. दुसऱ्याच्या कबुलीआड उभं राहणं तिला जमणार नव्हतं; तीन वाजता ती स्वतः सांगणार होती.

दुकानदार लाल दोरा बांधताना म्हणाला, "आज काय लग्न आहे की काय तुमच्याकडे? सकाळपासून एकेक जण येतोय, आणि कुणी तोंड उघडत नाही. साहेब तर मी शटर उचलायच्या आधी उभे होते. तुम्ही सहाव्या."

कचेरीत टेबलावर पाच परड्या होत्या. तिनं आपली सहावी शेजारी ठेवली. भोवती सगळे बसले होते, पाक विबिसानासुद्धा, आणि तेलाचा वास खोलीभर पसरला होता. कुणीही दोरा सोडला नाही.

तीनला पाच मिनिटं असताना चौकशी अधिकारी आले. या कचेरीत ते पहिल्यांदाच येत होते. इथली रीत त्यांना कुणी सांगितलेली असणं शक्य नव्हतं. बगलेत फाइल होती. घाम पुसत ते दारातच थबकले, एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"ती ओळ मी सकाळी घरी पाहिली," ते हळू आवाजात म्हणाले.

मग रेत्नोला त्यांचा दुसरा हात दिसला, आणि त्या हातातला लाल दोरा. गियांतो उठला, आणि त्यानं टेबलावरच्या सहा परड्या जरा सरकवून जागा केली.